पाच फुटांपासून सुरू होणारी सूत्रे : उंचीवरून आदर्श वजन काढण्याच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवलेल्या रुग्णाच्या फुप्फुसांत दर श्वासाला किती हवा सोडायची, जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकाची मात्रा किती द्यायची, मूत्रपिंडांच्या कार्यक्षमतेचा अंदाज कोणत्या वजनावर बांधायचा, मधुमेही रुग्णाला दिवसाला किती उष्मांक सांगायचे, क्षयरोगातून उठणाऱ्याचे वजन कोठवर वाढले म्हणजे समाधान मानायचे, या सर्व प्रश्नांची उत्तरे वैद्यकात दर किलोग्रॅममागे दिली जातात. आणि हे किलोग्रॅम पुष्कळदा काट्यावर मोजलेले नसून रुग्णाच्या उंचीवरून काढलेले असतात. अशा काढलेल्या वजनाला ‘आदर्श वजन’ म्हणण्याची रूढी आहे. श्वासयंत्राच्या संदर्भात त्यालाच ‘अनुमानित वजन’ म्हणतात, तर आहारशास्त्रात ‘इष्ट वजन’ हा शब्द अधिक चालतो. नावे तीन असली तरी व्यवहारात ती एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि या विषयातील बराचसा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

परभणी जिल्ह्यापुरता विचार केला तर या प्रश्नाला एक विशेष धार आहे. नऊ तालुक्यांच्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार अठरा लाखांहून अधिक वस्तीच्या या जिल्ह्यात २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे आजवर पाठ्यपुस्तकातून शिकवली जाणारी सूत्रे आता याच मातीतल्या रुग्णांवर वापरून पाहत शिकणारी पिढी येथे घडू लागली आहे. ही सूत्रे मात्र जवळजवळ सगळी अमेरिकेत तयार झाली, फूट आणि इंचांत मांडली गेली आणि पाच फूट उंचीला शून्य मानून तेथून पुढे मोजू लागली. जगभरच्या उंचीचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या संशोधकांच्या जाळ्याने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार १९९६ मध्ये जन्मलेल्या भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२.६ सेंमी, म्हणजे पाच फुटांहून केसभर जास्त, तर पुरुषाची १६४.९ सेंमी आहे. याचा अर्थ असा, की सूत्र जेथे आपले मोजमाप सुरू करते तेथेच भारतीय स्त्रियांची सरासरी उभी आहे आणि जवळपास निम्म्या स्त्रिया त्या रेषेच्या खाली आहेत. आदर्श वजनाच्या चर्चेत लठ्ठ रुग्णाचे काय करायचे यावर विपुल लेखन झाले आहे. बुटक्या आणि कृश रुग्णाचे काय करायचे यावर त्या मानाने फारच थोडे झाले आहे.

तक्त्यांचा उगम

उंची आणि वजन यांचा संबंध गणिताने मांडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात केला. प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्यांचे निरीक्षण. रोगनिदान हा त्यांचा हेतू नव्हता. ‘सरासरी माणसा’चे वर्णन करणे हा होता. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या या अंकाला ‘बॉडी मास इंडेक्स’ अर्थात बीएमआय हे नाव अमेरिकेतील अन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. मधल्या काळात फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्या नावाने, उंचीच्या सेंटिमीटरमधून शंभर वजा केले की किलोग्रॅममधील वजन मिळते, असा एक सोपा ठोकताळा रूढ झाला. कागद-पेन्सिल न लागणारा असल्यामुळे तो आजही बाह्यरुग्ण विभागात तोंडी वापरला जातो.

‘आदर्श’ हे विशेषण मात्र विमा कंपन्यांकडून आले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ इन्शुरन्स कंपनीने १९४० च्या दशकाच्या आरंभी ज्या उंची-वजनाच्या विमेदारांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी आढळले त्यांचे तक्ते प्रसिद्ध केले, १९५९ मध्ये अधिक मोठ्या सामग्रीवर ते सुधारले आणि १९८३ मध्ये पुन्हा नव्याने मांडले. या तक्त्यांच्या मर्यादा पुढे अनेकांनी दाखवल्या. विमा उतरवणारी माणसे मुख्यतः गोरी, शहरी आणि बऱ्या आर्थिक स्थितीतील होती, उंची बुटांसह आणि वजन कपड्यांसह धरलेले होते, आणि हाडापेराची ठेवण लहान, मध्यम, मोठी अशी तीन प्रकारची मानली असली तरी आरंभीच्या तक्त्यांत ती ओळखायची कशी याची व्याख्या नव्हती. तरीही तक्ता वाचायला सोपा, त्यामागे लाखो विमापत्रांचा आधार आणि मृत्यूसारखा निर्विवाद निकष, यामुळे त्याची पकड सैल झाली नाही. भारतातही आयुर्विमा महामंडळाच्या उंची-वजनाच्या तक्त्यांनी आहारशास्त्राच्या अध्यापनात दीर्घकाळ हीच जागा घेतली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. विम्याचा तक्ता ‘कोण अधिक जगतो’ या प्रश्नाचे उत्तर देतो. ‘औषध शरीरात किती जागेत पसरते’ किंवा ‘फुप्फुस केवढे आहे’ हे प्रश्न त्याला कधी विचारलेच गेले नव्हते.

सूत्रांची पिढी

तक्ता जवळ नसताना डोक्यातल्या डोक्यात वजन काढता यावे, या गरजेतून सूत्रे जन्मली. मधुमेहाच्या आहारासाठी जॉर्ज हॅम्वी यांनी १९६४ मध्ये दिलेला नियम असा, की पुरुषाला पाच फुटांसाठी १०६ पौंड आणि पुढच्या प्रत्येक इंचाला ६ पौंड, तर स्त्रीला १०० पौंड आणि प्रत्येक इंचाला ५ पौंड धरावेत; हाडापेराप्रमाणे त्यात दहा टक्के कमी-अधिक करावे. दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, बेन डिव्हाइन यांनी जेंटामायसिनच्या मात्रेविषयीच्या एका लेखात पुरुषासाठी ५० किलो आणि स्त्रीसाठी ४५.५ किलो, अधिक पाच फुटांवरील प्रत्येक इंचाला २.३ किलो, असे सूत्र दिले. हेच सूत्र आज जगात सर्वाधिक वापरले जाते. त्याचा उगम शोधताना पै आणि पालुसेक यांनी २००० मध्ये लिहिलेल्या लेखात दाखवून दिले, की अशी सूत्रे लोकसंख्येच्या ताज्या मोजमापावरून काढलेली नसून जुन्या ठोकताळ्यांची आणि विमा तक्त्यांशी जुळणाऱ्या अंकांची ती नवी मांडणी आहे. एका औषधाच्या मात्रेसाठी सुचवलेला अंदाज पुढे मूत्रपिंडांच्या सूत्रांत, श्वासयंत्राच्या नियमांत आणि आहाराच्या सल्ल्यात शिरला, आणि प्रत्येक ठिकाणी तो जणू मोजून सिद्ध केलेला आहे अशा विश्वासाने वापरला गेला.

१९८३ मध्ये रॉबिन्सन आणि मिलर यांच्या गटांनी विम्याच्या तक्त्यांशी अधिक जुळतील अशी सुधारित सूत्रे दिली. रॉबिन्सन पुरुषासाठी ५२ किलो अधिक इंचाला १.९ आणि स्त्रीसाठी ४९ अधिक १.७ सांगतात, मिलर ५६.२ अधिक १.४१ आणि ५३.१ अधिक १.३६. लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लिंगभेद बाजूला ठेवून उंचीच्या वर्गाला २२ ने गुणण्याचा सरळ मार्ग सुचवला, म्हणजे बीएमआय २२ हेच आदर्श मानले. पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये, इष्ट बीएमआय कोणताही धरला तरी त्यावरून कोणत्याही उंचीचे वजन देणारे एकच समीकरण मांडले. त्याचा लाभ असा की ‘आदर्श’ काय हे ठरविण्याची जबाबदारी सूत्राच्या पोटात लपून राहत नाही, ती वापरणाऱ्याला उघडपणे घ्यावी लागते.

पाच फुटांची रेषा

ही सूत्रे एकमेकांशी किती जुळतात हे उंचीवर अवलंबून आहे, आणि आकडे मांडून पाहिल्याशिवाय हे सहसा लक्षात येत नाही. १६५ सेंमी उंचीच्या पुरुषासाठी डिव्हाइन, हॅम्वी आणि रॉबिन्सन ही तिन्ही सूत्रे सुमारे ६१.५ किलो हे जवळपास एकच उत्तर देतात, मिलर ६३ किलो, ब्रोका ६५ आणि बीएमआय २२ वर आधारलेले सूत्र ६० किलो देते. सुमारे पाच किलोंच्या आत सगळे एकत्र येतात. भारतीय पुरुषाच्या सरासरी उंचीला कोणते सूत्र वापरले याने व्यवहारात फारसा फरक पडत नाही, असे म्हणायला जागा आहे.

पाच फुटांच्या स्त्रीबाबत चित्र बदलते. डिव्हाइन आणि हॅम्वी तिला ४५.५ किलो देतात, रॉबिन्सन ४९, लेमेन्स ५१, ब्रोका ५२ आणि मिलर ५३ किलो. आणखी खाली, १४५ सेंमीच्या स्त्रीसाठी डिव्हाइनचे सूत्र उलट्या दिशेने ओढले तर उत्तर ३८.८ किलो येते, रॉबिन्सनचे ४४, ब्रोकाचे ४५, लेमेन्सचे ४६.३ आणि मिलरचे ४९ किलो. लहान आणि मोठ्या उत्तरांत दहा किलोंचे, म्हणजे लहान उत्तराच्या चतुर्थांशाहून अधिक अंतर पडते. त्यातही ३८.८ किलो वजनाच्या अशा स्त्रीचा बीएमआय १८.५ च्या किंचित खाली, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने ‘कमी वजना’त पडतो. ज्या वजनाला सूत्र आदर्श म्हणते त्याच वजनाला पोषणाचा निकष कुपोषण म्हणतो, अशी ही कोंडी आहे. १४५ सेंमी ही काही काल्पनिक उंची नव्हे. गर्भवतीच्या तपासणीत याच सुमाराची उंची जोखमीची खूण म्हणून नोंदली जाते आणि अशा स्त्रिया मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात भेटतात.

पाच फुटांच्या खाली काय करावे यावर तीन मते आढळतात. पहिले मत, सूत्राची रेषा तशीच खाली ओढावी, कारण उंची आणि वजन यांचा संबंध पाच फुटांवर तुटत नाही. दुसरे मत, पाच फुटांचे वजन आधार धरून उंचीच्या प्रमाणात ते कमी करावे. म्हणजे घट सौम्य होते. तिसरे मत, इंचांची सूत्रे येथे बाजूला ठेवावीत आणि बीएमआयवर आधारलेले समीकरण वापरावे, कारण ते कोणत्याही उंचीला सारख्याच पद्धतीने लागू पडते. पहिल्या मताच्या बाजूने सोय आणि एकवाक्यता आहे, तिसऱ्याच्या बाजूने तर्कसंगती. रुग्णाला कोणत्या मार्गाने अधिक लाभ होतो, हे ठरविण्याइतके थेट पुरावे मात्र कोणत्याच बाजूला जमलेले नाहीत.

औषधाची मात्रा आणि कृश रुग्ण

औषधाच्या मात्रेसाठी आदर्श वजन वापरण्यामागचा तर्क असा, की जेंटामायसिन आणि अमिकासिनसारखी अमिनोग्लायकोसाइड गटातील औषधे पाण्यात विरघळतात, चरबीत फारशी शिरत नाहीत, म्हणून लठ्ठ माणसाला काट्यावरच्या पूर्ण वजनाप्रमाणे मात्रा दिली तर ती जास्त होऊन कानांना आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. पुढे अनुभवाने कळले, की आदर्श वजनावर दिलेली मात्रा लठ्ठ रुग्णात कमी पडते. म्हणून आदर्श वजनात जादा वजनाचा चाळीस टक्के भाग मिळवून ‘समायोजित वजन’ काढण्याची रीत आली. जान्महासाटियान आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये चरबीरहित वजनासाठी उंची, प्रत्यक्ष वजन आणि लिंग या तिन्हींवर आधारलेली समीकरणे दिली; भूलशास्त्रात आणि औषधशास्त्रात अनेक तज्ज्ञ त्यांना आदर्श वजनापेक्षा अधिक शास्त्रीय मानतात, कारण ती प्रत्यक्ष शरीराचा विचार करतात, केवळ उंचीचा नव्हे. कर्करोगाच्या औषधांबाबत तर कल बराचसा उलट दिशेने गेला असून शरीराचे क्षेत्रफळ प्रत्यक्ष वजनावरूनच काढावे, असे अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २०१२ मध्ये सांगितले.

हा सारा वाद लठ्ठपणाभोवती फिरतो. कृश रुग्णासाठी नियम एका ओळीचा आहे : प्रत्यक्ष वजन आदर्श वजनापेक्षा कमी असेल तर प्रत्यक्ष वजनच घ्यावे. नियम योग्य आहे, पण तो पाळण्यासाठी रुग्णाचे वजन मोजलेले असावे लागते, आणि तो पाळल्यानेही सगळा प्रश्न सुटत नाही. मूत्रपिंडांच्या कार्यक्षमतेसाठी १९७६ पासून वापरात असलेले कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे सूत्र वय, लिंग, वजन आणि रक्तातील क्रिएटिनिन यांवर चालते. क्रिएटिनिन हे स्नायूंतून तयार होणारे द्रव्य असल्यामुळे ज्यांचे स्नायूच झिजले आहेत अशा वृद्ध, कुपोषित किंवा दीर्घ आजारी माणसात मूत्रपिंडे थकलेली असूनही ते कमी दिसते. उदाहरणादाखल साठ वर्षांची, १४५ सेंमी उंचीची, ३६ किलो वजनाची आणि क्रिएटिनिन ०.६ असलेली स्त्री घेतली, तर प्रत्यक्ष वजनावर उत्तर मिनिटाला सुमारे ५७ मिलीलिटर येते, डिव्हाइनच्या वजनावर ६१ आणि बीएमआय २२ च्या वजनावर ७३. शेवटच्या उत्तरावर विसंबून मात्रा ठरवली तर ती सहज जास्त होईल. पण पहिले उत्तर तरी किती खरे, हा प्रश्न कमी क्रिएटिनिनमुळे उरतोच.

क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने या बाबतीत निवडलेला मार्ग लक्षात घेण्यासारखा आहे. तेथे प्रौढांच्या एकत्रित गोळ्या उंचीकडे न पाहता प्रत्यक्ष वजनाच्या पट्ट्यांप्रमाणे, म्हणजे २५ ते ३४ किलो, ३५ ते ४९ किलो, ५० ते ६४ किलो अशा, दिल्या जातात. अचूकतेपेक्षा चूक होण्याची शक्यता कमी करणे हे या पद्धतीचे उद्दिष्ट आहे. रुग्णाचे वजन कोठवर वाढले पाहिजे, हा प्रश्न मात्र उंचीशिवाय सुटत नाही. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासात उपचारांच्या पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्के कमी आढळला. तेथील रुग्णांत पाचांपैकी चारांहून अधिक जण कुपोषित होते. अशा ठिकाणी आदर्श वजन हा मात्रेचा आधार न राहता उपचाराचे लक्ष्य होते, आणि लक्ष्य म्हणून ३८.८ आणि ४६ किलो यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

श्वासयंत्र आणि फुप्फुसाचा आकार

उंचीवरून काढलेल्या वजनाचा सर्वांत भक्कम पुरावा श्वासयंत्राच्या क्षेत्रात आहे. फुप्फुसांना तीव्र सूज येऊन प्राणवायू घटतो त्या अवस्थेत दर किलोला १२ मिलीलिटरऐवजी ६ मिलीलिटर हवा दिली तर काय होते, हे अमेरिकेतील अतिदक्षता केंद्रांच्या जाळ्याने ८६१ रुग्णांत तपासले आणि २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. या अभ्यासात वजन काट्यावरचे नव्हते, उंचीवरून अनुमानित होते. पुरुषासाठी ५० आणि स्त्रीसाठी ४५.५ किलो, अधिक १५२.४ सेंमीवरील प्रत्येक सेंमीला ०.९१ किलो. हे डिव्हाइनचेच सूत्र, फक्त सेंटिमीटरमध्ये. माणूस जाड झाल्याने त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत, ती उंचीशी आणि लिंगाशी बांधलेली असतात, हा त्यामागचा विचार. कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, श्वासयंत्रे महानगरांबाहेरच्या रुग्णालयांतही मोठ्या संख्येने पोहोचली तेव्हा हे सूत्रही त्यांच्याबरोबर तेथवर आले.

या सूत्राच्या समर्थकांचे म्हणणे असे, की ज्या सूत्रावर जीव वाचल्याचे सिद्ध झाले तेच वापरावे. सूत्र बदलले तर ‘सहा मिलीलिटर’ या आकड्याचा अर्थच बदलेल. हा युक्तिवाद वजनदार आहे. १४५ सेंमीच्या स्त्रीला या हिशेबाने दर श्वासाला सुमारे २३३ मिलीलिटर हवा मिळते, तर बीएमआय २२ च्या वजनावर २७८. सुजलेल्या फुप्फुसाला जादा ताण देण्यापेक्षा कमी हवा सोसवते, म्हणून सावधगिरीच्या बाजूने राहणे बरे, असे या पक्षाचे मत आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की फुप्फुसाचा आकार उंचीइतकाच धडाच्या लांबीवर अवलंबून असतो. बालपणीच्या कुपोषणाचा फटका धडापेक्षा पायांच्या लांबीला अधिक बसतो, हे मानवमितीच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. तेव्हा ज्या स्त्रीची उंची खुंटली तिची फुप्फुसे तिच्या उंचीवरून वाटतात त्याहून मोठी असण्याची शक्यता आहे. उलट दिशेचा पुरावाही आहे. दक्षिण आशियाई लोकांची फुप्फुसक्षमता समान उंचीच्या युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा कमी आढळते, आणि हा फरक वंशाचा की पोषण, धूर आणि गरिबीचा, यावर मोठा वाद आहे. फुप्फुसांच्या कार्यक्षमतेचे जागतिक मापदंड ठरविणाऱ्या गटाने २०१२ मध्ये वांशिक गटवार समीकरणे दिली होती, तर २०२२ मध्ये त्याने वंशनिरपेक्ष समीकरण पुढे आणले. दोन्ही दिशांचे परिणाम एकमेकांना किती छेदतात, हे १५० सेंमीच्या आतील ग्रामीण भारतीय स्त्रियांमध्ये कोणी पद्धतशीरपणे मोजल्याचे दिसत नाही.

तिसरा विचार वजनाला बगल देणारा आहे. ब्राझीलमधील मार्सेलो अमातो आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पूर्वीच्या अभ्यासांच्या सामग्रीवरून असे मांडले, की हवेचे प्रमाण फुप्फुसाच्या त्या वेळच्या लवचिकपणाशी जोडले पाहिजे. म्हणजे हवा आत जाताना वाढणारा दाब हाच खरा मार्गदर्शक. सूत्राने सुरुवात करावी आणि दाब पाहून दुरुस्ती करावी, असा मध्यममार्ग आज बहुतेक अतिदक्षता तज्ज्ञ स्वीकारतात. लहान चणीच्या रुग्णांसाठी तो सर्वांत सुरक्षित वाटतो, कारण सूत्राची चूक दाबाच्या आकड्यात उघडी पडते.

पुण्याचे संशोधन आणि ‘इष्ट’ची पुनर्व्याख्या

आदर्श वजनाच्या कल्पनेला महाराष्ट्रातून मिळालेले सर्वांत मोठे आव्हान पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासात मातांची सरासरी उंची १.५२ मीटर, वजन ४२ किलो आणि बीएमआय १८.१ आढळला, बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांत स्नायू आणि पोटातील अवयव लहान असले तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. याला ‘कृश तरी चरबीयुक्त’ शरीर म्हटले गेले. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी दोघांचाही बीएमआय २२.३ असताना एकाच्या शरीरात ९.१ टक्के आणि दुसऱ्याच्या शरीरात २१.२ टक्के चरबी असल्याचे दाखवले. जादा चरबी याज्ञिकांची होती.

याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकसंख्येसाठी २३ आणि २७.५ हे बीएमआयचे कृतीबिंदू सुचवले, भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीने २००९ मध्ये १८ ते २२.९ हा सामान्य पट्टा मानला गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ च्या वरचा बीएमआय असलेल्यांसाठी लठ्ठपणाचे दोन टप्पे मांडले. त्याच महिन्यात ‘लॅन्सेट’च्या आंतरराष्ट्रीय आयोगाने केवळ बीएमआयवर लठ्ठपणा ठरवू नये, कमरेचा घेर किंवा चरबीचे थेट मापन आणि अवयवांवरचा परिणाम पाहावा, अशी भूमिका घेतली. इष्ट वजनाची वरची मर्यादा खाली आणणाऱ्यांचा मुद्दा मधुमेह आणि हृदयविकार यांचा आहे. या दिशेविषयी शंका घेणारे सांगतात, की २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आणि २४ टक्के जादा वजनाच्या आढळल्या. दोन्ही टोके एकाच गावात, कधी एकाच घरात असताना एका मर्यादेवर भर दिल्याने दुसरी नजरेआड होऊ नये. परभणीसारख्या जिल्ह्यात, जेथून ऊसतोडीसाठी कुटुंबे दरवर्षी स्थलांतर करतात आणि जेथे शहरात मधुमेहाचे रुग्णही वाढत आहेत, हे दोन्ही मुद्दे एकाच वेळी खरे ठरतात.

संदर्भ पुरुषाचा गैरसमज

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये पोषणाच्या गरजा ठरविताना ‘संदर्भ पुरुष’ ६५ किलो वजनाचा आणि १७७ सेंमी उंचीचा, तर ‘संदर्भ स्त्री’ ५५ किलो वजनाची आणि १६२ सेंमी उंचीची मानली. पूर्वी पुरुषाचे वजन ६० किलो धरले जात असे. बातमी मात्र ‘भारतीयांचे आदर्श वजन वाढले’ अशी पसरली. संदर्भ पुरुष हा सरासरी भारतीय नव्हे. वाढीची पूर्ण संधी मिळाली तर माणूस केवढा होऊ शकतो, याचे ते प्रतिमान आहे आणि त्याचा उपयोग अन्नधान्याचे नियोजन करण्यासाठी आहे. १६५ सेंमीच्या माणसाने ६५ किलोचे लक्ष्य ठेवले तर त्याचा बीएमआय २३.९ होईल आणि भारतीय निकषाने तो जादा वजनात मोडेल. उंची वगळून वजन सांगितले की काय होते, याचे हे सर्वांत ठळक उदाहरण होय.

मापनाचा पाया

सूत्र कोणतेही असो, त्यात घालायची उंची खरी हवी. बेशुद्ध किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची उंची डोळ्यांच्या अंदाजाने लिहिली जाण्याचा प्रघात जगभर आहे, आणि अशा अंदाजात पाच-सात सेंमीची चूक सहज होते. डिव्हाइनच्या सूत्रात ती पाच-सहा किलोंची होते. पर्याय म्हणून गुडघ्याची उंची, कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या हाडाची लांबी किंवा दोन्ही हात पसरल्यावरचे अंतर मोजून उंची काढण्याच्या पद्धती आहेत. पण यांची प्रचलित समीकरणेही बहुतांशी युरोपीय आणि अमेरिकन लोकांवर बेतलेली आहेत, म्हणजे एका परक्या सूत्राची भूक दुसऱ्या परक्या सूत्राने भागवली जाते. वयोमानाने पाठीचा कणा वाकतो आणि उंची घटते. सत्तरीतल्या रुग्णासाठी आजची उंची घ्यावी की तारुण्यातली, यावर एकमत नाही : फुप्फुसाचा विचार करता तारुण्यातली उंची अधिक योग्य वाटते, तर पोषणाचे लक्ष्य ठरविताना आजची.

या बाबतीत परभणीत एक संधी आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात अन्न व पोषण हा विषय शिकवला जातो, आणि शेतकरी स्त्रियांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवरचे संशोधन येथे दीर्घकाळ चालले आहे. अवजाराची मूठ कोणत्या उंचीवर असावी हे ठरविण्यासाठी राबणाऱ्या स्त्रीचे शरीर मोजावेच लागते. औषधाच्या मात्रेसाठी तेवढी काळजीपूर्वक मोजणी अजून झालेली नाही.

अनिर्णित राहिलेले

आज जे निश्चितपणे म्हणता येते ते मोजकेच आहे : श्वासयंत्रासाठी अनुमानित वजन काट्यावरच्या वजनापेक्षा सरस आहे, कृश रुग्णाची मात्रा प्रत्यक्ष वजनावर ठरवावी, आणि पोषणाचे लक्ष्य मात्रेच्या सूत्रावरून काढू नये. जे ठरलेले नाही ते बरेच आहे. पाच फुटांखालच्या रुग्णासाठी रेषा ओढावी की बीएमआय धरावा, हा पहिला प्रश्न. धरायचा तर कोणता, हा दुसरा. २२ धरला तर १४५ सेंमीच्या स्त्रीचे वजन ४६ किलो, २१ धरला तर ४४ किलो, आणि याज्ञिकांच्या निष्कर्षांचा अर्थ लावताना त्याहून खाली यावे असे म्हणणारेही आहेत. डिव्हाइनच्या सूत्रातला स्त्री-पुरुषांमधला साडेचार किलोंचा ठरावीक फरक सर्व उंचींना सारखाच लागू करणे योग्य आहे का, हा तिसरा.

चौथा प्रश्न काळाशी निगडित आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. प्रौढाची उंची ही त्याच्या पहिल्या काही वर्षांतल्या अन्नाची नोंद असते. मराठवाड्यात १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास जन्मलेली पिढी आज पन्नाशीत आहे, म्हणजे मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि अतिदक्षता विभाग यांच्या वयात पोहोचली आहे. त्यांची मुले त्यांच्यापेक्षा उंच असल्याचे घराघरांत दिसते. एकाच घरातल्या आई आणि मुलीत पाच-सहा सेंमीचा फरक असेल, तर आईची कमी उंची ही तिच्या फुप्फुसांची आणि यकृताचीही मर्यादा मानायची की फक्त पायांची, हे क्ष-किरणांच्या छेदचित्रांवरून आणि श्वसनाच्या चाचण्यांवरून मोजता येण्यासारखे आहे. त्यासाठी लागते ती केस पेपरवर मोजून लिहिलेली उंची, बसलेल्या स्थितीतली धडाची उंची, जन्मवर्ष, आणि काही हजार रुग्णांची काही वर्षांची सलग नोंद.